लॉकरमधलं पाखरू

आमच्या घरात पतंगाला कुणी कधी पतंग म्हटलं नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवसापासून त्याला पाखरू म्हटलं, आणि मी, प्राणिशास्त्र शिकवून पोट भरणारी बाई, सांगून सांगून थकले की अहो, पाखरू म्हणजे पक्षी, हा पतंग आहे, इंग्रजीत ह्याला हॉक मॉथ म्हणतात. "बरं, मास्तरीणबाई," म्हणायचे, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा पाखरू! शेवटी मीच हात टेकले. आता ते नाहीत, तर भांडायचं तरी कुणाशी? म्हणून मीही पाखरूच म्हणते.

हे साताऱ्याकडचे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, तसे हेही. ऐन तरुणपणी लडाखला होते. तिथं म्हणे झाड दिसायचं नाही. नजर पोचेल तिथवर कोरडं पठार, खुरटं गवत, काटेरी झुडपं आणि कानठळ्या बसवणारा वारा. एकदा उन्हं कलताना चौकीमागच्या झुडपावर दोन पाखरं आली. हवेत एका जागी थरथरत उभी, फुलाला न टेकता लांब सोंडेनं रस पिणारी. ह्यांनी टोपी टाकून दोन्ही धरली. पुढचे पंख मातकट, शेवाळी, आणि त्यांच्याखाली लपलेले मागचे पंख गुलाबी. "कसं गुलाबी?" मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाडव्याच्या गाठीसारखं. साखरेच्या." त्या ओसाड माळावर इतके महिने मातीशिवाय दुसरा रंग न बघितलेल्या माणसाला ते गुलाबी किती गुलाबी वाटलं असेल, मला कळतं.

त्यातलं एक पाखरू पलटणीतल्या सुतारानं काचेच्या झाकणाच्या लाकडी डबीत बसवून दिलं. दुसरं बूट पॉलिशच्या रिकाम्या डबीत, कापूस आणि कापूर घालून, गावी आईला दिलं. सासूबाईंनी ती डबी फडक्यात बांधून देव्हाऱ्यात देवांच्या मागं ठेवली. पोरगा सुखरूप परत आला तो ह्या डबीच्या पुण्याईनं, अशी त्यांची पक्की समजूत. त्या डबीला हात लावू देत नसत, उघडायची तर गोष्टच सोडा. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा डबीवर हळदकुंकवाचा थर बसला होता.

फौज सुटल्यावर हे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लागले, कुंभवलीच्या अंगाला, रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात. मी पालघरच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. बोईसरला दोन खोल्या, एक मुलगी. नाल्याला आज कुठल्या रंगाचं पाणी आलंय त्यावरून कुठल्या कारखान्यात कसला माल निघाला, ते आमच्या चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगत. पांढरी साडी बाहेर वाळत घालायची नाही, हा पहिला धडा मला शेजारणीनं दिला होता. ह्यांचे हात कायम पिवळे. अॅसिडच्या प्लँटवरच्या सगळ्यांचेच तसे. साबण, लिंबू, राख, कशानं म्हणून निघत नसे. पाहुणे विचारत, "कुठं हळदीला जाऊन आलात काय?" आणि हे हसून हो म्हणत. मला नाही हसू यायचं, पण दर खेपेला तोंड वाजवून करणार काय!

कारखान्यात कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकाला लोखंडी लॉकर. दाराला आतून जो तो आपला देव चिकटवी. ह्यांच्या दाराला खंडोबा, आणि त्याच्या खाली ती काचेची डबी. आमच्या लग्नाच्या आधीपासून ती तिथं होती, मी काही ती पाहिलेली नव्हती. पाळीवर नवा माणूस आला की हे लॉकर उघडून उभे राहत. "लडाखचं हाय. गुलाबी पंखाचं." ही त्यांची एकुलती एक बढाई. दारू नाही, विडी नाही, पत्ते नाहीत. एवढं एक पाखरू.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला हे दुपारची पाळी करून आले आणि ती डबी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. चेहरा उतरलेला. जेवायलाही बसेनात. झालं होतं ते असं. पाळीवर उत्तरेकडचा एक नवा पोरगा आला होता. डबी बघून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "फौजी भैया, गुलाबी कहाँ है? ये तो हल्दी में नहाया हुआ है!" सगळे फिदीफिदी हसले. ह्यांचा जुना जोडीदार, बेटेगावचा, जिवाभावाचा माणूस, त्यानं डबी उजेडात धरली आणि हळूच सांगितलं, "फौजी, रागवू नको. पन ह्यो पिवलाच हाय."

"रोज बघतोय मी त्याला," हे म्हणाले. "आज नीट बघितलं. पिवळंच हाय गं. मग लडाखात मी बघितलं ते काय व्हतं? का मीच इतकी वरसं थापा मारत आलो?"

मी काच उघडून पाहिलं. मागचे पंख मळक्या पिवळ्या रंगाचे, जुन्या वर्तमानपत्रासारखे. गुलाबीचा लवलेशसुद्धा नाही. पण माझा नवरा थापा मारणाऱ्यातला नव्हता. ह्या माणसानं बायकोच्या स्वयंपाकाचं खोटं कौतुक कधी केलं नाही, तो पंखाच्या रंगाबद्दल कशाला खोटं बोलेल? उचलली जीभ लावली टाळ्याला, ती त्या हसणाऱ्यांची. मला असा राग आला की विचारू नका.

"तू शिकलेली हायेस," हे म्हणाले. "ह्याचं नाव काढून दे. नाव मिळालं की पुस्तकात रंग असंलच की. माझा शब्द खरा का खोटा ते तरी कळंल."

कॉलेजच्या ग्रंथालयात पतंगांवरचा एक जाडजूड जुना इंग्रजी ग्रंथ होता. असल्या ग्रंथात जात ओळखायची एक रीत असते. पुस्तक तुम्हाला प्रश्न विचारतं, उत्तरं दोनच. मिशीचं टोक आकडीसारखं आहे की सरळ? सरळ असेल तर ह्या पानावर जा, आकडी असेल तर त्या. असं एकेक वळण घेत तुम्ही नावापाशी पोचता. मी भिंग घेऊन बसले. मिशी जुळली. अंगावरचे काळे-पांढरे ठिपके जुळले. पुढच्या पंखांवरच्या शिरा पांढुरक्या होत्या, खडूनं रेघा ओढाव्यात तशा, तेही एका ठिकाणी जुळलं. आणि मग प्रश्न आला: मागचा पंख गुलाबी आहे की पिवळट? पिवळटच्या वाटेनं गेले की पुढं शिरा जुळेनात. गुलाबीच्या वाटेनं जावं तर समोर पिवळा पंख! कितीदा तरी गेले आणि त्याच फाट्यावर येऊन थांबले. घरी हे विचारत, "लागलं का नाव?" मी म्हणे, "लागेल हो, नावं काय झाडाला लागतात?" चिडचिड माझी, आणि ऐकून घ्यायचे ते.

परीक्षेच्या दिवसांत प्रॅक्टिकलला मुंबईचे एक वयस्कर परीक्षक आले. पतंग हाच त्यांचा विषय, मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहाचं काम बघत. पोरांची भंबेरी उडवून झाल्यावर चहा घेताना मी डबी त्यांच्यापुढं ठेवली. ते चहा विसरले. खिशातलं भिंग काढून बराच वेळ बघत राहिले.

"शिरांवरून मला एका जातीचा संशय येतोय," म्हणाले. "उंच, थंड, कोरड्या पठारांवरची जात. फार कमी लोकांनी पाहिलीय, आमच्याकडं धड नमुना नाही. पण बाई, तिचे मागचे पंख गुलाबी असतात. हा पिवळा आहे. म्हणजे एकतर ही ती जात नव्हे, नाहीतर नमुना बिघडलाय."

"उन्हानं उडतो ना रंग?"

"उडतो. पण उडाला की फिका पडतो, असा पिवळा नाही पडत. आणि तुम्ही तर म्हणता बंद लॉकरमध्ये होता. ह्याचा जोडीदार मिळाला तर बघा."

जोडीदार होताच की, देव्हाऱ्यात! पण सासूबाई डबी उघडू देतील तर शपथ. आणि हे दुसऱ्याच गोष्टीनं पेटलेले. "बिघडलेला? मी बिघडलेलं आणलंच न्हाई!" एवढं ओरडले आणि खोकल्याची ढास लागली. खोकला त्या वर्षी वाढलाच होता. जिना चढून आले की दारातल्या मोरीच्या कट्ट्यावर टेकत, मग घरात येत.

परीक्षकांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. उन्हानं असा पिवळा होत नाही. मग कशानं होतो?

पावसाळ्यात माकुणसारची एक भाजीवाली आमच्या दारावर येई. एक दिवस तिच्या अळूच्या जुडीत शेपटीवर काटा असलेल्या जाड अळ्या दिसल्या. "बाय, ही जुडी नको घेऊ, किडा हाय तिच्यात," ती म्हणाली. म्हटलं, "किड्याचीच दे. आणि उद्या आणखी आण." ती बघतच राहिली. ह्या अळ्याही हॉक मॉथच्याच, आपल्याकडची साधी जात, आणि तिचेही मागचे पंख गुलाबी. बरणीत माती घालून मी त्या वाढवल्या, कोष झाले, पाखरं निघाली. त्यातली दोन सारखी निवडून दोन सारख्या डब्यांत बसवली आणि दोन्ही डब्या काळ्या कागदात गुंडाळल्या, म्हणजे उजेडाची तक्रार नको. एक डबी कॉलेजच्या कपाटात ठेवली. दुसरी ह्यांच्या हातात दिली. "खंडोबाच्या खाली ठेवा. उघडू नका."

"हे काय खूळ?"

"ठेवा म्हणते ना!"

ठेवली. गणपती गेले, नवरात्र गेलं. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन्ही डब्या घरी आणून कागद सोडले. कॉलेजातलं पाखरू होतं तसं, गुलाबी. लॉकरमधल्याचे मागचे पंख कडेनं पिवळे पडत आत चालले होते, मधे थोडा गुलाबी शिल्लक.  मेलेलं, वाळलेलं, डबीत बंद पाखरू, कपडे बदलायच्या खोलीत नुसतं ठेवलेलं. त्याचं एका पावसाळ्यात हे. आणि हा माणूस त्या खोलीच्याही पुढं, प्रत्यक्ष प्लँटवर, इतकी वर्षं श्वास घेतोय!

दोन्ही डब्या पिशवीत घालून मी कारखान्याच्या डॉक्टरकडं गेले. हे नको नको म्हणत मागून आले. डॉक्टरनं छातीला नळी लावल्यासारखं केलं आणि विचारलं, "विडी किती ओढता?"

"आयुष्यात एक ओढली नाही त्यांनी," मी म्हटलं आणि डब्या टेबलावर मांडल्या. काय केलं, कसं केलं, सगळं सांगितलं. डॉक्टरनं एकदा पाखरांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"बाई, हे किडे आहेत. माणसाचं वेगळं असतं."

"हो ना, किडे श्वास तरी घेत नव्हते!" मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. बाहेरची माणसं आत डोकावली. हे माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आले. खोकल्याच्या औषधाची बाटली तेवढी मिळाली. भीक नको पण कुत्रा आवर, अशातली गत.

आणि घरी आल्यावर ह्यांचं काय? म्हणाले, "आळवावरचं पाखरू नाजूक असतंय. माझं लडाखचं हाय, थंडीवाऱ्यातलं. ते असं पिवळं पडत नसतंय."

"अहो, मग ते पडलंय कशानं?"

 भिंतीकडं तोंड करून निजले. मला कळत होतं. माझं म्हणणं मानावं तर पाखराबद्दलचा त्यांचा शब्द खरा ठरत होता, पण मग दुसरंही मानावं लागत होतं.

माघात गावच्या देवाची जत्रा. तेव्हा आम्ही गेलो. पालखी घरावरून पुढं गेली, पुरणपोळी झाली, सासूबाई जरा प्रसन्न दिसल्या तशी मी डबीचा विषय काढला. एकदम कडाडल्या, "देवामागची वस्तू हलवायची न्हाई!" मी काही बोलणार तेवढ्यात हे त्यांच्या पायाशी बसले. "आई, लोक मला खोटं म्हणत्यात," एवढंच म्हणाले.  म्हातारीनं त्यांचे ते पिवळे हात स्वतःच्या हातात घेऊन पाहिले. उठली आणि डबी आणून दिली.

झाकण गंजून बसलेलं. हे सुरीच्या टोकानं हळूहळू फिरवत होते. निघालं. कापूर केव्हाच उडून गेलेला. कापसावर पाखरू पंख मिटून बसलेलं. मी चिमट्यानं पुढचा पंख अलगद वर केला.

गुलाबी! पाडव्याच्या गाठीसारखं, त्यांनी सांगितलं होतं तस्संच. "बघा! बघा!" असं हे लहान पोरासारखे ओरडले, आईला दाखवलं, मुलीला दाखवलं, शेजारच्यांना हाका मारल्या. डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. मी पिशवीतून लॉकरमधली जुनी काचेची डबी काढून शेजारी ठेवली. हाताच्या काकणाला आरसा कशाला? त्याच झुडपावरची, त्याच संध्याकाळची, एकाच टोपीखाली धरलेली दोन पाखरं, एक गुलाबी आणि एक पिवळं.

हे हसता हसता थांबले. दोन्ही डब्या जवळ ओढून पाहिल्या. मग स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि धोतराच्या सोग्याखाली घेतले. लेझीम खेळणाऱ्यांचा आवाज येत होता, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

परतीच्या रात्रीच्या यष्टीनं आम्ही सकाळी दादरला उतरलो. गुलाबी पाखरू, सासूबाईंनी स्वतः बांधून दिलेलं, माझ्या पिशवीत. बोईसरला जाऊन, आंघोळ करून, रविवारी ते परीक्षकांकडं न्यायचं असं माझं ठरलेलं. हे स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी थांबले. श्वास लागला होता.

"तू तशीच जा," म्हणाले. "आत्ताच देऊन ये त्यांला. ह्याला बोईसरात आणू नको."

"एक-दोन दिवसांनी काय होतंय?"

"एक दिवसबी नको. तिथली हवा लागाया नको ह्याला."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. रस्त्यात, चारचौघांत, मोठ्यानं विचारलं. "तुम्हाला लागलेली चालते? चला, तुम्हीपण नका जाऊ. आज राजीनामा द्या. माझा पगार आहे, गावची जमीन आहे, काय वाट्टेल ते करू."

"पोरीची बारावी हू दे," म्हणाले. "बाकी मग बघू. आज दुपारची पाळी हाय माझी." मुलीला घेऊन पुलाच्या पायऱ्या चढायला लागले. मधे दोनदा थांबले. वर पोचून मला हातानं खूण केली, जा म्हणून.

मी गेले. परीक्षकांनी ते पाखरू वाफेवर मऊ करून पंख उघडले, कपाटातली परदेशी पुस्तकं काढली, भिंगाखाली शिरा मोजल्या. तीच जात, त्यांना संशय आला होता ती. लांबलचक लॅटिन नाव, मराठीत नावच नाही तिला. टाचणीला लावायची इवलीशी चिठ्ठी त्यांनी पुढं ओढली. "ठिकाण लडाख. कुणी धरलं? नाव सांगा." लग्नातला उखाणा सोडला तर मी ह्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. तिथं घेतलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं.

ह्यांना ते लॅटिन नाव मी पाठ करून घेतलं. जीभ वळायची नाही, पण सोडलं नाही. प्लँटवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. बेटेगावच्या जोडीदारानं नंतर मला सांगितलं, "वैनी, तवा कोन नाय हासला." हसणार कुठून? ह्यांनी दोन्ही पाखरांची गोष्ट सांगितली होती, आणि ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाचे हात पिवळे होते.

मुलीची बारावी झाली. मग तिचं कॉलेज आलं. राजीनामा द्यायची वेळच आली नाही, त्याच्या आधीच कारखान्यानं घरी बसवलं त्यांना. पुढं उशाला तीन उशा घेऊनही निजता येईना. पालघरच्या दवाखान्यात, पावसाळ्यातच, गेले. शेवटच्या दिवसांत बोलायला पुरेसा श्वास नसायचा. तरी एकदा मला जवळ बोलावून विचारलं, "रंग हाय ना अजून?" मी म्हटलं, "आहे." न बघताच म्हटलं.

म्हणून नंतर एकदा मुंबईच्या त्या संग्रहात जाऊन बघून आले. परीक्षक निवृत्त झाले होते. तिथल्या माणसानं उंच कपाटातला एक ड्रॉवर ओढला. नॅप्थलीनचा वास आला. ओळीत सगळ्यात कडेला ते होतं, पंख पसरलेलं, गुलाबी, अगदी त्या दिवशीसारखं. खाली चिठ्ठीवर ह्यांचं नाव.

"काळजी नको, बाई," तो माणूस कौतुकानं म्हणाला. "शंभर वर्षं असाच राहील. घट्ट बसतो ड्रॉवर, बाहेरची हवा आत येत नाही."

मला रडू यायला हवं होतं, पण संतापच आला. अहो, पाखराला वेळेवर बाहेर काढलंत, आणि स्वतः दुपारची पाळी गाठायला पुलावर चढलात! त्या माणसाला मी विचारलं, "माणसाच्या मापाचा नाही का हो मिळत असा?"

 त्यानं ड्रॉवर लोटला. मी चप्पल घातली आणि बोईसरला परत आले. घर तिथंच आहे.